ट्यूब्युलर टायर बसवायला ग्लू की टेप?

चाकोरी

दोन जोड चाकं आहेत. पहिली अ‍ॅल्युमिनियमची, रिम ब्रेकची. रिमवर जुन्या ग्लूचे थर तसेच आहेत, कुठे जाड तर कुठे नुसता पिवळा डाग. दुसरी कार्बनची, डिस्क ब्रेकची, कोरी करकरीत. दोन्हीवर 25 मिमीचे ट्यूब्युलर (आत ट्यूब शिवलेले, रिमला चिकटवायचे सायकलचे टायर) चढवायचे आहेत. वापर रस्त्यावरच, त्यात लांब घाट-उतार बरेच.

टेपने (दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या) अर्ध्या तासात काम होतं आणि हात बरबटत नाहीत असं सगळे सांगतात. मग ग्लूचा तीन दिवसांचा खटाटोप अजून कोणी का करतं? जुन्या ग्लूवर सरळ टेप मारली तर चालेल का? आणि वाटेत पंक्चर झालं तर दोन्हींत काय फरक पडतो?

सुटा स्पोक

अ‍ॅल्युमिनियमच्या जोडीला ग्लूच. कार्बनच्या जोडीला टेप चालू शकते, पण आधी टायर रिमच्या खळग्यात कसा बसतो ते बघा. ग्लू-टेपच्या वादात हेच राहून जातं.

रिमच्या खळग्याला एक गोलाई असते आणि टायरच्या तळाला दुसरी. टायर खळग्यापेक्षा बारीक गोलाईचा असेल तर तो मधोमध टेकतो आणि दोन्ही कडांना फट राहते. हे धोक्याचं. वळणावर टायरला आडवा जोर बसतो तो कडेवर. कड सुटली की बाकीचा टायर सोलल्यासारखा निघत जातो. उलट टायर जाड असेल तर कडा टेकतात आणि मध्ये पोकळी राहते. ते त्यातल्या त्यात बरं. ग्लूचे थर कडांना थोडे जास्त देऊन ही तफावत काही अंशी भरून काढता येते. टेपची जाडी सगळीकडे सारखी आणि रुंदी ठरलेली, त्यामुळे तिथे तडजोडीला जागा नाही. बेडपेक्षा, म्हणजे या खळग्यापेक्षा, तीन-चार मिमी अरुंद टेप लावली तर नेमक्या कडाच कोरड्या राहतात. म्हणून टेप घेताना बेडची रुंदी मोजूनच घ्या.

दुसरा मुद्दा उष्णतेचा. रिम ब्रेकने लांब उतारावर रिम चांगलीच तापते. ट्यूब्युलरचे नेहमीचे ग्लू पूर्ण कडक होत नाहीत, चिकट राहूनच काम करतात, म्हणून तापले की मऊ पडतात. टेपचा थर जाड, त्यामुळे मऊ पडल्यावर टायर त्यावर जास्त सरकतो. 2003च्या टूर द फ्रान्समध्ये गॅप गावाकडच्या उतारावर स्पॅनिश सायकलपटू होसेबा बेलोकी पडला तो प्रसंग बऱ्याच जणांना आठवत असेल. उन्हाने डांबर पातळ झालेलं, मागचं चाक लॉक झालं आणि टायर रिमवरून निघाला. मांडीचं हाड, कोपर, मनगट, सगळं मोडलं. दोष एकट्या ग्लूचा नव्हता, पण उतारावर टायर सुटला की सावरायला वेळ मिळत नाही. डिस्क ब्रेकवर रिम तापण्याचा प्रश्न येत नाही, म्हणून तुमच्या दुसऱ्या जोडीला टेपचा विचार करता येतो.

तिसरा, चालण्यातला फरक. टायर आणि रिम यांच्यातला थर जितका जाड आणि मऊ, तितका टायर जागच्या जागी चुळबुळतो आणि तेवढी ताकद वाया जाते. शर्यतीच्या बंदिस्त ट्रॅकवर पूर्वी शेलॅक (लाखेचा चिकट द्राव) वापरायचे ते याचसाठी. तो वाळून कडक होतो. तिथे ब्रेकच नाहीत, म्हणजे उष्णता नाही, आणि वाटेत टायर बदलण्याचाही प्रश्न नाही. रस्त्यावर त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता कृती. आधी टायर कोरडाच रिमवर चढवा, साधारण 7 बार हवा भरा (टायरवर आणि रिमवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या आत) आणि किमान 24 तास तसाच ठेवा. न ताणलेला टायर ग्लू लावल्यावर चढवायला गेलात तर शेवटची वीतभर जागा हात रडवते आणि ग्लू रिमच्या बाजूंना फासला जातो.

रिम अ‍ॅल्युमिनियमची असेल तर अ‍ॅसिटोनच्या फडक्याने पुसा. कोरी चकचकीत असेल तर त्याआधी बारीक पॉलिश पेपरने बेडची चमक घालवा. कार्बनला पॉलिश पेपर लावू नका आणि रंग काढायचं केमिकल तर मुळीच नको, ते रेझिनच खातं. तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं.

कोऱ्या रिमला एकूण तीन पातळ थर, टायरच्या बेस टेपला (तळाशी चिकटवलेल्या कापडी पट्टीला) दोन. पहिल्या दिवशी दोन्हींना एकेक थर, दुसऱ्या दिवशी परत एकेक. तिसऱ्या दिवशी फक्त रिमला ताजा थर, दहा-पंधरा मिनिटं थांबून बोटाला चिकटेल पण तार येणार नाही इतका झाला की टायर चढवायचा. 25-30 ग्रॅमची एक ट्यूब कोऱ्या रिमच्या एका चाकाला जवळपास लागते. बोटाने फासण्यापेक्षा आखूड ताठ केसांचा ब्रश घ्या, म्हणजे कडेपर्यंत नीट जातो. एक जाड थर देऊन दिवस वाचवायला जाऊ नका. वरून साय धरते आणि आत महिनाभर ओलं राहतं.

चढवताना टायरमध्ये फक्त आकार येईल इतकीच हवा. व्हॉल्व्ह वर ठेवून चाक जमिनीवर उभं करा, व्हॉल्व्ह भोकात घाला आणि दोन्ही हातांनी टायर खाली ओढत ओढत न्या. शेवटचा भाग उचलून अंगठ्यांनी पलीकडे टाका. मग 1 बारच्या आसपास हवा भरून चाक फिरवा आणि बेस टेप दोन्ही बाजूंना सारखी दिसेपर्यंत टायर पिळून सरळ करा. नंतर पूर्ण हवा, अक्षाला धरून चाक अंगाच्या भाराने जमिनीवर थोडं कलतं फिरवा, आधी एका अंगाला, मग दुसऱ्या. 24 तास हात लावायचा नाही.

उतरंड

वरचं जवळपास सगळं पटलं, पण टेपला जरा जास्तच झोडपलंय. डिस्कच्या चाकावर, बेडशी जुळणारी चांगली टेप नीट लावली तर ती सुटत नाही. सुटते ती घाईने लावलेली.

जुन्या ग्लूवर मात्र टेप नको. टेपला स्वच्छ, सपाट पृष्ठभाग लागतो. ग्लूच्या गाठींवर ती फक्त उंचवट्यांना चिकटते, खाली हवा राहते.

लावायची पद्धत: व्हॉल्व्हच्या भोकापासून सुरू करून टेप ताणून रिमभर न्या आणि भोकाशीच संपवा. कापडाने दाबत जा, बुडबुडे राहता कामा नयेत. भोकावरच्या टेपला टोकदार वस्तूने भोक पाडा. वरच्या लायनरची (टेपवरच्या सोलून काढायच्या पट्टीची) दोन्ही टोकं बोटभर सोलून रिमच्या बाहेर दुमडून ठेवा. आता टायर लायनरवरच चढवा, 1 बार हवा भरून सरळ करा. इथे निवांत वेळ घ्या, कारण लायनर निघाल्यावर टायर हलत नाही. ग्लूमध्ये दोन-चार मिनिटं पिळायला मिळतात, टेपमध्ये तेवढीही नाहीत.

लायनर ओढताना तो रिमच्या कडेला जवळजवळ समांतर, सावकाश ओढा आणि पुढचा टायर दुसऱ्या हाताने किंचित उचलत जा. काटकोनात हिसका दिला की तुटतो, आणि तुटलेला तुकडा टायरखाली राहिला तर तेवढी जागा अजिबात चिकटलेली नसते. अशा वेळी टायर काढून नवी टेप लावण्याला पर्याय नाही. लायनर निघाला की पूर्ण हवा आणि इथेही एक रात्र थांबा. अर्ध्या तासात काम होतं हे खरं, पण त्या अर्ध्या तासानंतर लगेच घाट उतरायचा नाही.

थंडीत टेप पकडत नाही. खोली किमान 20 अंशांच्या आसपास हवी.

सुटा स्पोक

@उतरंड, मान्य. रिम ब्रेकवाल्या जोडीबद्दल मात्र मत बदलत नाही.

पंक्चरचा प्रश्न राहिलाच. ग्लू असेल तर जुना टायर काढल्यावर रिमवर चिकट थर उरतो. सुट्या टायरला घरीच ग्लूचे दोन थर देऊन वाळवून ठेवलेले असतील तर तो या थरावर घरी पोचण्यापुरता धरतो. घडी करताना चिकट बाजू आत ठेवा, नाहीतर सीटखालची सगळी धूळ ती गोळा करते. परतताना हवा पूर्ण ठेवा, वळणं हळू घ्या आणि घरी पोचल्यावर टायर रीतसर परत लावा. ट्यूब्युलरचे धागे साधारण 45 अंशांत एकमेकांना छेदतात, त्यामुळे हवा भरली की टायर फुगतो आणि त्याचा घेर आवळतो. ही पकड फुकटची, हवा गेली की तीही गेली.

टेपवाल्या चाकावरून टायर काढला की टेप फाटून निम्मी इकडे, निम्मी तिकडे जाते. सुट्याला धरायला फार काही उरत नाही. व्हॉल्व्हचा कोअर (आतला भाग) निघणारा असेल तर सीलंटची (आतून भोक बुजवणाऱ्या द्रवाची) छोटी बाटली जवळ ठेवा. बारीक पंक्चर त्यात भागतं.

चिखलवाट

तुमचा वापर रस्त्याचा आहे, तरी कोणी सायक्लोक्रॉसवाला (चिखल-मातीतल्या सायकल शर्यतीवाला) हे वाचत असेल म्हणून. तिथे दाब 1.5 ते 2 बार, म्हणजे वर म्हटलेली हवेची आवळ जवळपास नाहीच. त्यात टायर जाड आणि बेड बहुधा रस्त्याच्या टायरसाठी बनलेला, म्हणून मध्ये पोकळी. यावर जुना तोडगा बेल्जियन टेपचा: रिमवर ग्लूचे थर, त्यावर कापडी टेप, तिच्यावर परत ग्लू. कापड ग्लू पिऊन पोकळी भरतं. नुसती टेप किंवा नुसता ग्लू यापेक्षा हे चिखलात जास्त टिकतं. काढताना मात्र घाम फुटतो.

पाण्याचं सगळ्यांनीच लक्षात ठेवा. सुती बेस टेप पाणी धरते आणि कुजते. मग ग्लू रिमला घट्ट, बेस टेप ग्लूला घट्ट आणि टायर मात्र बेस टेपपासून सुटलेला, असा प्रकार होतो. प्रेशर वॉशरचा फवारा टायर आणि रिमच्या सांध्यावर मारू नका.

चाकोरी

सगळ्यांचे आभार. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमला ग्लू, कार्बनला बेड मोजून टेप. दोनच शंका. जुना ग्लू पूर्ण खरवडायचा की नाही? आणि चाचणी म्हणून कोरडा टायर चढवला तर व्हॉल्व्हपाशी तो रिमपासून वर उचललेला दिसतोय. हे ग्लूने भरून निघेल का?

उतरंड

व्हॉल्व्हपाशी टायरचा तळ जाड असतो. त्याला बसायला रिमच्या भोकाची टायरकडची कड उतरती हवी. अ‍ॅल्युमिनियम असेल तर गोल कानस किंवा काउंटरसिंकने (भोकाची कड उतरती करणाऱ्या ड्रिलच्या पात्याने) ती थोडी घासून घ्या, जेमतेम फुगीर भाग बसेल इतकीच. कार्बनवर असं काही करू नका, दुसऱ्या बनावटीचा टायर लावून बघा. उचललेली जागा ग्लूने भरायची नाही. चाक फिरताना दर फेरीला तिथे ठेच लागल्यासारखं जाणवत राहील.

सुटा स्पोक

जुना ग्लू कोणत्या बनावटीचा ते माहीत असेल, थर पातळ आणि सारखा असेल, तर तो ठेवून त्याच बनावटीचा एक ताजा थर पुरतो. तुमचा कुठे जाड, कुठे पातळ आहे, शिवाय कोणता ते ठाऊक नसणार. तेव्हा काढा. दोन वेगळे ग्लू एकमेकांवर धरतीलच असं नाही. प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने गाठी खरवडा, उरलेल्यावर अ‍ॅसिटोनचं फडकं पाच-दहा मिनिटं ठेवून मग पुसा. डाग राहिले तरी चालतात, बोटाला उंचवटा लागायला नको. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. अ‍ॅसिटोन बेस टेपवर ओतू नका, ती लेटेक्सने चिकटवलेली असते आणि सुटू शकते.

बसवून 24 तास झाले की हवा पूर्ण काढा आणि दोन्ही अंगठ्यांनी टायर आडवा ढकलत सगळा घेर तपासा. दोन्ही बाजूंनी. बेस टेपची कड कुठेही उचलली, तिथून रिमचा बेड दिसला, तर ते चाक रस्त्यावर न्यायचं नाही. ब्रशच्या टोकाने तिथे ग्लू सारून परत हवा भरा, परत 24 तास. उचललेला भाग वीतभर किंवा जास्त असेल तर टायर काढून पहिल्यापासून करा. टेपवाल्या जोडीलाही हीच तपासणी, आणि दोन्हींची दर हंगामाच्या सुरुवातीला पुन्हा एकदा.