प्रति: पॅनेल बसवली म्हणजे झालं?

छतांवर सोलर बसवलं की लष्करी तळाला ग्रिडची, म्हणजे बाहेरून वीज आणणाऱ्या जाळ्याची, गरज उरत नाही, असं काहीजण म्हणतात. तिथेच घोळ आहे. साधं ग्रिडला जोडलेलं सोलर वीज गेली की स्वतःच बंद पडतं, कारण तारांवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर (पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारी यंत्रं) तसेच बनवलेले असतात. आमच्या सोसायटीत हे कळलं ते भर उन्हात लिफ्ट अडकल्यावर! ग्रिडपासून तुटूनही चालू राहायचं तर मायक्रोग्रिड, म्हणजे तळापुरतं स्वतःचं छोटं वीजजाळं लागतं: बॅटरी किंवा जनरेटर, आणि क्षणात तोडजोड करणारी नियंत्रणव्यवस्था.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातला मिरामार हा मरीन कोअरचा (तिथल्या एका सैन्यदलाचा) हवाई तळ बघा. ८ सप्टेंबर २०११ ला ॲरिझोनातल्या एका सबस्टेशनवर बिघाड झाला आणि अख्खं सॅन डिएगो अंधारात गेलं. त्यानंतर इथे मायक्रोग्रिड उभी राहिली. मला त्यातला सगळ्यात आवडलेला भाग कचऱ्याचा. सॅन डिएगो शहराचा कचरा डेपो तळाच्याच जमिनीवर आहे, आणि त्यातून निघणाऱ्या मिथेन वायूवर सुमारे ३.२ मेगावॅट वीज तयार होते. रात्रीसुद्धा, जेव्हा पॅनेल झोपलेली असतात. अर्थात डिझेल आणि नैसर्गिक वायूचे जनरेटर आहेतच जोडीला, त्यामुळे 'शंभर टक्के हरित तळ' वगैरे कुणी म्हणू नये.