पुणे ते कन्याकुमारी गाडीने: मुक्काम आधी ठरवावेत की दिवेलागण होईल तिथे थांबावं?

निरेकाठचा

डिसेंबरच्या सुट्टीत पुण्याहून मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी असा बेत आहे. सात आसनी गाडी आणि माणसंही सात. आम्ही दोघं, दहा आणि सहा वर्षांची मुलं, आई-बाबा आणि गाडी आलटूनपालटून चालवायला मेहुणा. बाबा ७४ वर्षांचे, गुडघे दुखरे. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, बंगळूर, सेलम, मदुराई असा सरळ हायवेचा रस्ता. कन्याकुमारीपर्यंत एका बाजूने साधारण १५०० किमी.

घरात वाद मुक्कामांवरून पेटलाय. मेहुणा म्हणतो, "भावजी, पहाटे तीनला निघू, रात्री जेवायला बंगळुरात. पुढचं पुढे बघू, खोल्या काय, मिळतातच." म्हणजे पहिल्याच दिवशी ८४० किमी.

मला हे साफ नामंजूर आहे. माझं म्हणणं असं की दिवसाला चारशे-साडेचारशेच्या वर जायचं नाही, डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो त्याच्या आधी गाडी लावलेली असली पाहिजे, आणि कुठल्या गावात, कुठल्या खोलीत झोपणार हे घरून निघतानाच पक्कं हवं. हुबळी, तुमकूर, सेलम, मदुराई असे चार मुक्काम मी काढलेत.

हे मी दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावरून बोलतोय. म्हैसूरला निघालो होतो, बुकिंग केलं नव्हतं. निपाणीच्या पुढे रस्त्याच्या कामात अडकलो आणि हुबळीत शिरलो तेव्हा साडेनऊ वाजलेले. लग्नसराई. तीन लॉजवर "रूम इल्ला" ऐकलं. चौथ्या ठिकाणी खोली मिळाली ती तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाबा कठडा धरून एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत चढले, मधल्या वळणावर जिन्यातच बसले. मी त्यांच्या मागे हातात पाण्याची बाटली घेऊन उभा. एका शब्दानं बोलले नाहीत. सकाळी त्यांच्या पायांना इतकी सूज होती की चपलेचा पट्टा शेवटच्या भोकात लावूनही बसेना.

त्या जिन्यावर मी ठरवलं की पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. तुमचं काय मत?

घाटमाथा

तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण त्या रात्री चुकलं ते निघण्याचं गणित. अंतर दोषी नाही. मी गेली अकरा वर्षं दर दिवाळीला बहिणीकडे पुणे-बंगळूर एका दिवसात जातो, आईसकट. पहाटे तीनला निघायचं. मुलं झोपेतच गाडीत ठेवायची, ती साताऱ्याच्या पुढे जागी होतात. खंबाटकी रिकामा मिळतो. कोल्हापूर उजाडायच्या आत मागे पडतं, बेळगावला नाश्ता, दावणगेरेला लोण्याचा डोसा आणि अर्धा तास पाय मोकळे. संध्याकाळी सहा-साडेसहाला बंगळूरच्या वेशीवरचं नेलमंगला. दोन चालक असले की कुणालाच सहा-सात तासांपेक्षा जास्त चाकावर बसावं लागत नाही.

तुमच्या बेतात मदुराई गाठायलाच चार दिवस, परतायला चार. दहा दिवसांच्या रजेतले आठ दिवस डांबर बघायचं का? आजी-आजोबांना रामेश्वर पुन्हा कधी होणार आहे? तिथे एक दिवस जास्त मिळावा म्हणून वाटेतला एक दिवस कमी करणं हाही त्यांचाच विचार आहे.

ऊसपट्टा

घाटमाथा, तुम्ही दिवाळीला जाता, हे डिसेंबरात निघालेत. मी कराडजवळ राहतो. दिवाळीनंतर आमच्याकडे कारखाने पेटलेले असतात आणि रात्रभर ऊस रस्त्यावर असतो. एका ट्रॅक्टरला मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला, मागे दिवा नाही, कुठे रिफ्लेक्टर लावलेला असला तरी चिखलानं माखलेला. ट्रॅक्टरवाला मोठमोठ्यानं गाणी लावून झोप आवरत असतो, तुमचा हॉर्न त्याला ऐकू जात नाही. ताशी शंभरनं येणाऱ्या गाडीला तो काळोखात दिसतो तेव्हा ब्रेक दाबायला वेळच उरत नाही. तुमच्या पहाटे तीनच्या हिशेबात सातारा ते निपाणी हा सगळा पट्टा नेमका अंधारात येतो.

आणि दोन ते पाच ही वेळ शरीराची झोपेचीच असते, कितीही सवय असू द्या. माझ्या चुलतभावाची गाडी अशीच एका ट्रॉलीखाली गेली. तो वाचला. शेजारी बसलेला त्याचा मित्र वाचला नाही. निघा उजाडताना. एवढंच सांगतो.

माजघर

सगळी चर्चा चालवणाऱ्यांची चाललीय. मुक्काम म्हणजे काय ते मी सांगते, कारण आमच्याकडे तो मीच करते.

रोज नवं गाव म्हणजे रोज कॅरिअरवरची ताडपत्री सोडायची, बॅगा उतरवायच्या, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या आणि सासऱ्यांचं इन्सुलिन शोधायचं, मुलांचे ओले टॉवेल खिडकीच्या गजाला बांधायचे, आणि सकाळी सातच्या आत हे सगळं परत भरायचं. तीन दिवस असं झालं की चौथ्या दिवशी देवळात उभी राहिले तरी माझ्या डोक्यात चार्जर राहिला का हेच असतं. निरेकाठचा यांच्या बेतात चार रात्री चार गावं. घाटमाथांच्या बेतात एक रात्र कमी, पण त्या रात्री सगळे इतके दमलेले की सामान कोण उतरवणार ते विचारू नका.

मुक्काम कमी असावेत आणि जिथे थांबायचं तिथे दोन रात्री, असं माझं मत. मदुराईला तर दोन हव्यातच. मीनाक्षीचं देऊळ दुपारी बंद असतं, चारच्या सुमारास उघडतं. एका रात्रीच्या मुक्कामात तुम्ही दुपारी पोचणार, मुलं पेंगणार, आजोबा आडवे होणार आणि संध्याकाळच्या गर्दीत घाईनं दर्शन उरकणार. रामेश्वरलाही तसंच. बावीस तीर्थांचं स्नान करून ओल्या अंगानं आलेल्या म्हाताऱ्या माणसांना त्याच दिवशी गाडीत कोंबू नका.

आणि वाटेतल्या एका रात्रीसाठी एकच पिशवी वेगळी भरा. सगळ्यांचा एकेक कपड्याचा जोड, ब्रश, औषधं, आजोबांची चादर. डिकीतल्या बॅगांना त्या रात्री हात लावायचा नाही. सगळं सामान सगळीकडे उतरवायचंच, हा हट्ट कुणाचा असतो ते घराघरात माहीत आहे.

मुक्कामपोस्ट

माझा विरोध बुकिंगलाच आहे. मी पाच वर्षांपूर्वी तमिळनाडूत असंच सगळं पक्कं करून गेलो, पैसे परत न मिळणारं बुकिंग, कारण दोन हजार वाचत होते. दिंडीगुलच्या अलीकडे पाऊस सुरू झाला. तिकडे आपल्यासारखा जून-सप्टेंबर नाही, ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत कधीही झोडपतो. वायपर पूर्ण वेगानं फिरतायत आणि समोरचं दिसत नाही. बायको म्हणाली, इथेच थांबू. मी म्हणालो, पैसे भरलेत. दीड तास त्या पावसात मुलीला मागे बसवून चालवली मी गाडी. काही झालं नाही, पण मला त्याची आजही लाज वाटते.

बुकिंग नसतं तर मी थांबलो असतो. खोली पक्की असली की माणूस खोलीसाठी गाडी चालवतो. म्हणून दुपारी चारला अंदाज घ्यावा, पुढच्या गावात फोन करावा आणि पाचला थांबावं.

बसवनगुडीकर

मी वीस वर्षं बंगळुरात आहे आणि दक्षिणेत दरवर्षी फिरतो. मुक्कामपोस्ट यांचं पावसाचं शंभर टक्के खरं. पण चारला फोन करायची पद्धत हुबळी-दावणगेरेला चालेल, मदुराईच्या खाली डिसेंबरात चालणार नाही. तो शबरीमलाचा हंगाम, नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. काळे कपडे घातलेले अय्यप्पा भक्त बसच्या बस भरून परतताना रामेश्वर, कन्याकुमारी, मदुराई करतात. त्यात नाताळची सुट्टी. मी एकदा कन्याकुमारीत रात्री अकराला समुद्रासमोरच्या पार्किंगमध्ये गाडीत झोपलेली कुटुंबं पाहिली आहेत, बाळं मांडीवर.

तेव्हा मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी आत्ताच घ्या, पण रद्द करता येणारं. चार पैसे जास्त जातील ते जाऊ द्या.

दुसरं, बंगळुरात मुक्काम करूच नका. आत शिरायला दीड तास, सकाळी बाहेर पडायला दीड तास. नेलमंगलाच्या पुढे शहराला बाहेरून वळसा घालणारा नाइस रोड धरा, टोल चांगलाच बसतो, पण थेट होसूर रस्त्याला निघता. तिथून कृष्णगिरी, धर्मपुरी. धर्मपुरी-सेलमच्या मधला तोप्पूर घाट अपघातांसाठी बदनाम आहे, तो उजेडात उतरा. येताना उटी-म्हैसूर करणार असाल तर बंदीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो, हे मुक्काम ठरवतानाच धरा. फाटकापाशी पोचून कळलं तर रात्र तिथेच.

निरेकाठचा

मुक्कामपोस्ट, तुमचं मनापासून पटलं. मी बुकिंगकडे फक्त निश्चिंती म्हणून बघत होतो, ते मलाच रेटू शकतं हे डोक्यात आलं नव्हतं. सगळं रद्द करता येणारंच घेतो. माजघर ताई, मदुराईला दोन रात्री केल्या, एका पिशवीचंही आजच ठरलं. सौ. ने तुमचा प्रतिसाद मोठ्यानं वाचायला लावला.

पण घाटमाथा, तुमच्याशी सहमत नाही. आपल्याकडे १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं पगारी चालकाला दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. ज्याचं रोजचं काम हे, त्याच्यासाठी ही मर्यादा. मी वर्षभर ऑफिसात बसणारा. आणि दोन चालकांची सोय चालकांची. मधल्या रांगेत बसलेल्या बाबांना आलटूनपालटून कोण आहे? ते पंधरा तास त्याच जागी.

घाटमाथा

शेवटचा मुद्दा माझ्याकडे नव्हता, मान्य. माझी आई साठीची आहे, दर दोन तासांनी उतरून चालते. ७४ आणि दुखरे गुडघे वेगळी गोष्ट. उसाचंही मान्य, डिसेंबरात मीही उजाडल्यावरच निघेन.

तरी हुबळी मला पटत नाही. ४३० किमी म्हणजे दुपारी तीनलाच थांबायचं. सहाला निघून दोन चालकांनी चित्रदुर्ग गाठा, ६४० किमी, अंधार पडता पडता पोचाल. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना किल्ला दाखवा. हैदर अलीचे सैनिक खिंडीतून एकेक करून आत सरपटत होते आणि पहारेकऱ्याची बायको ओबव्वा हिनं त्यांना मुसळानं टिपलं, ती खिंड तिथे दाखवतात. पोरं विसरणार नाहीत. एक पूर्ण दिवस वाचतो.

माजघर

एक विचारू? इतका वेळ आपण सगळे आजोबांच्या गुडघ्यांबद्दल बोलतोय. त्यांना कुणी विचारलंय का, कुठे थांबायचं?

आणि खोलीसाठी फोन कराल तेव्हा "लिफ्ट आहे का" एवढ्यावर थांबू नका. लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत ते विचारा. आम्हाला एकदा लिफ्ट मिळाली, पण ती पोटमाळ्यापासून सुरू होत होती, अकरा पायऱ्या चढून. कमोड आहे का, बाथरूमला उंबरा केवढा, आणि गाडी खोलीच्या किती जवळ लागते, तेही विचारा.

निरेकाठचा

ताई, नव्हतं विचारलं. काल रात्री जेवताना विचारलं.

बाबा म्हणाले, निपाणी. आम्ही सगळे बघतच राहिलो. लग्नाच्या आधी दोन वर्षं ते तिथे तंबाखूच्या वखारीत कारकून होते, हे मला ऐकून माहीत होतं. पण म्हैसूरला जाताना हायवेवरून पाटी दिसली तेव्हा त्यांना उतरायचं होतं, आणि मी उशीर झाला म्हणून थांबलो नाही, हे मला आता कळलं. "तेव्हा तू घाईत होतास," एवढंच म्हणाले आणि ताटात ताक ओतून घेतलं.

तर आता पहिला मुक्काम निपाणी. २७० किमी, उजाडताना निघून दुपारच्या जेवणाला तिथे, संध्याकाळ बाबांची. दुसऱ्या दिवशी तिथून चित्रदुर्ग, ३७० च्या आसपास, मेहुण्याला किल्ला चालतोय. तिसऱ्या दिवशी सकाळी किल्ला उघडताच बघायचा आणि नाइस रोडनं कृष्णगिरीपर्यंतच, म्हणजे तोप्पूरचा घाट चौथ्या दिवशी सकाळी. चौथ्या दिवशी मदुराई, दोन रात्री. मोजून बघा, एकही रात्र वाढली नाही.

निपाणीत जुन्या बाजारपेठेच्या जवळ तळमजल्यावर खोली, कमोड आणि दारात गाडी लागेल असं ठिकाण कुणाला माहीत असेल तर सांगा. बाबांना वखारीपर्यंत चालत जायचंय.