खर्रा खाणाऱ्यांच्या तोंडाचे फोटो: कडा फुगवून मार्क झाल्यात, मॉडेलही तेच शिकून राहिलं

सीताबर्डीकर
नमस्कार मंडळी. नागपुरात एम.टेक. करून राहिलो. एका ओपीडीतून खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्या पेशंटचे, गालाच्या आतल्या बाजूचे 612 फोटो मिळाले. त्यातला पांढरा चट्टा यू-नेटने (फोटोतला हवा तो भाग ओळखणारं न्यूरल नेटवर्क) वेगळा काढायचा आहे. मार्किंग दोन इंटर्नचं, निम्मे निम्मे. एकीने कड धरून नीट काढलंय. दुसऱ्याने चट्ट्याभोवती सैल गोल मारलेत, दर वेळी बाहेरूनच. सुरुवातीचे 15-20 इपॉक (सगळ्या ट्रेनिंग फोटोंवरून एक फेरी म्हणजे एक इपॉक) मॉडेल चट्टा छान पकडतं, मग त्याच्याही कडा फुगत जातात. आणि डाइस (मॉडेलचा चट्टा मार्किंगशी किती जुळतो तो आकडा) वाढतच जातो! काहून? त्या मुलाचे तीनशे फोटो फेकायला मन होत नाही. नॉइज, म्हणजे मार्किंगमधल्या चुका, सोसणारा लॉस (मॉडेल किती चुकलं ते मोजणारं सूत्र) लावू का?

पिक्सेलवाला
डाइस वाढतोय कारण व्हॅलिडेशनमध्येही (मॉडेल तपासायला ठेवलेल्या फोटोंत) तेच सैल गोल आहेत. आधी 50 फोटो बाजूला काढ, सीनियर डॉक्टरांकडून नव्याने मार्क करून घे आणि ट्रेनिंगमध्ये त्यांना हात लावू नको.
लॉसचं म्हणशील तर, हात हलून कड कधी आत, कधी बाहेर गेली असती तर शेकडो फोटोंत ते आपसात फिटलं असतं. नेहमी बाहेरच जाते म्हटल्यावर मॉडेलसाठी तो नियमच झाला. तिथे तसला लॉस फारसा कामाचा नाही.
फोटो मात्र फेकू नको. गोलाबाहेर चट्टा नाही, एवढं त्या मुलाने बरोबरच सांगितलंय. गोलाचा गाभा म्हणजे चट्टा, हेही बहुतेक बरोबर. मधल्या पट्ट्याचं लॉसमधलं वजन शून्य कर. पट्टा किती रुंद ठेवायचा ते त्या 50 फोटोंवर दोन्ही इंटर्नकडून मार्किंग करून घेतलंस की कळेल. डॉक्टर आणि दोन्ही इंटर्न, तिघांचं मिळून एक मास्क (चट्ट्याची मार्क केलेली जागा) हवं असेल तर स्टेपल नावाची 2004 ची पद्धत आहे. खरी कड आणि प्रत्येकाची अचूकता ते एकत्रच काढतं.

दाढदुखी
मी दंतवैद्य आहे, विदर्भातच. दादा, या पेशंटमध्ये फायब्रोसिसमुळे (आतली त्वचा कडक होत जाणं) गालाची आतली त्वचा आधीच फिकट, पांढुरकी पडलेली असते. कड आम्हालाही रेघेसारखी दिसत नाही. फोटोआधी गॉजने पुसलं होतं का, ते विचारा. पुसून निघतो तो थर बहुधा बुरशीचा. ल्यूकोप्लाकिया (कॅन्सरमध्ये बदलू शकणारा पांढरा चट्टा) पुसून जात नाही. आणि चट्ट्यातला लालसर भाग कृपा करून सोडू नका. कॅन्सरचा धोका तिथे जास्त, बायोप्सीही आम्ही तिथूनच घेतो.

पिक्सेलवाला
हे महत्त्वाचं. मग तिघांची मास्कं वेगळीही जपून ठेव. फुप्फुसांच्या एलआयडीसी या खुल्या डेटा संचात 1018 सीटी स्कॅन आहेत, चार रेडिओलॉजिस्टांच्या खुणा वेगवेगळ्या ठेवल्यात, एकमताची सक्ती केली नाही.

सीताबर्डीकर
काल सीनियर डॉक्टर मॅडमसोबत बसलो, 50 पैकी 20 झाले. सात फोटोंत चट्टा म्हणून मार्क केलेली जागा लाळेवरची फ्लॅशची चमक निघाली, तीही नीट काढणाऱ्या मुलीच्या फोटोंत. उरलेले 30 उद्या. लाल भागासाठी वेगळा रंग ठेवलाय.