जबडा लॉक झालाय, सुयांनी सांधा धुवायचं म्हणतात, करावं का?

मानेवाडा_ताई:
नमस्कार जी. लहान बहिणीचा जबडा खूप दिवस तोंड उघडताना कटकट वाजायचा, मग अचानक आवाज बंद झाला आणि तोंडच उघडेना, कशीबशी दोन बोटं जातात. तर्री पोहे खाते पण भाकरी म्हटली की डोळ्यात पाणी. गोळ्या, शेक, रात्री लावायची प्लेट, सगळं झालं. एमआरआयमध्ये सांध्यातली चकती पुढे सरकून अडकली असं आलं. डॉक्टर म्हणतात आर्थ्रोसेंटेसिस करू, म्हणजे सुयांनी सांधा धुवायचा. घरचे म्हणतात कानापाशी सुया काहून टोचायच्या, एकदाच मोठं ऑपरेशन करून टाका. कोणी केलंय का?

सदरवाली:
मी केलंय, त्याच दिवशी घरी आले. तेवढाच भाग बधिर केला, कानासमोर दोन सुया, एकीतून पाणी आत अन् दुसरीतून बाहेर. नंतर थोडा वेळ त्या बाजूची पापणी नीट मिटत नव्हती, पण ते भुलेच्या इंजेक्शनमुळे होतं, संध्याकाळपर्यंत गेलं. व्यायाम मात्र दुखलं तरी रोज करायला लावा तिला, मला खरा फरक त्यानेच पडला.

दातांचा_डॉक्टर_नागपूर:
ताई, घाई मोठ्या ऑपरेशनची नको. ही पद्धत १९९१ साली नित्झान, डॉल्विक आणि मार्टिनेझ यांनी मांडली ती अशाच अडकलेल्या जबड्यासाठी. सांध्याच्या वरच्या कप्प्यात रिंगर लॅक्टेट (सलाईनसारखं क्षारांचं पाणी) सोडतात, साधारण १०० ते २०० मिली, कधी जास्तही, त्याने सूज आणणारी द्रव्यं धुऊन निघतात आणि चिकटून बसलेली चकती हलायला लागते. चकती परत मूळ जागी बसतेच असं नाही, तरीही तोंड उघडतं आणि दुखणं कमी होतं, हे घरच्यांना नीट समजावून सांगा. नाहीच जमलं तर दुर्बिणीचा पर्याय आहे, सांधा उघडायची वेळ सगळ्यात शेवटी. फक्त खूप महिने लांबवू नका.

अजनी_भाऊ:
माझ्या भाच्याचंही तोंड उघडत नाही, त्यालाही हेच करू का? खर्रा खातो तो, कॉलेजपासून.

दातांचा_डॉक्टर_नागपूर:
नाही भाऊ, ते वेगळं असण्याची शक्यता खूप आहे. खर्र्यातल्या सुपारीने गाल आतून पांढरट, कडक होतात, तोंड त्यामुळे आखडतं, तिथे सांधा धुवून काही उपयोग नाही. आणि त्याचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होऊ शकतं, म्हणून खर्रा आजच बंद करायला लावा आणि या आठवड्यातच मेडिकल चौकातल्या शासकीय दंत महाविद्यालयात तोंड तपासून घ्या.

मानेवाडा_ताई:
खूप आभार जी, आईला हे सगळं वाचून दाखवते. सदरवाली, व्यायाम कोणी शिकवले तुम्हाला, सर्जननीच की फिजिओकडे गेलात?

सदरवाली:
सर्जननी दाखवले, मग फिजिओकडेही गेले. करायच्या आधी शेक घ्यायला सांगा तिला.