मित्रमैत्रिणींबरोबरची परदेशवारी : या, तुमचेही अनुभव लिहा

गवतीचहा
काल पर्स बदलताना आतल्या कप्प्यातून कंबोडियातल्या अंगकोरच्या मंदिरांचा पास निघाला. तिथे तिकीट काढताना खिडकीवरच आपला फोटो काढतात आणि तो पासवर छापून देतात, म्हणजे एकाचा पास दुसऱ्याला वापरता येत नाही. तो फोटो ग्रुपवर टाकला आणि सकाळपासून आम्हा पाचही जणींची कामं खोळंबली आहेत. म्हटलं, इथेही धागा काढावा.

आम्ही शाळेपासूनच्या मैत्रिणी, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. मुलं मार्गी लागली तेव्हा कंबोडियाला गेलो. टूर कंपनीबरोबर जायचं नाही हे आधीपासून पक्कं होतं. समुद्रमंथनाच्या शिल्पासमोर उभं असताना "चला चला, बस सुटतेय" म्हणणारं कुणी नको होतं.

अंगकोर वाटच्या पूर्वेकडच्या ओवरीत ते शिल्प आहे. जवळजवळ ४९ मीटर लांब भिंत, एका बाजूला ९२ असुर, दुसऱ्या बाजूला ८८ देव, मध्ये विष्णू आणि त्याच्याखाली कासव. असुरांचे डोळे बटाट्यासारखे बटबटीत, देवांचे लांबट आणि शांत. आमच्यातली एक संस्कृतची शिक्षिका. ती एका टोकाकडून आम्हाला सांगत निघाली. देवांच्या रांगेच्या शेवटी वासुकीचं शेपूट धरून चक्क मारुती उभा! ती थबकलीच. आपल्या मंथनात मारुती कुठून आला? आमचा ख्मेर गाइड म्हणाला, आमच्याकडे आहे. मग दोघं तिथेच पायरीवर बसले आणि तो त्यांच्या रामायणातल्या गोष्टी सांगत राहिला, ती आपल्या. आम्ही बाकीच्या ऐकत होतो.

घरच्यांबरोबर गेले की माझं निम्मं लक्ष कुणाला भूक लागली, कुणाची टोपी राहिली याच्यातच असतं. इथे कुणी कुणाची आई नव्हती. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याने बांधलेल्या त्या मंदिरात एका भिंतीपुढे मनसोक्त उभं राहता आलं, हे सुख मला फक्त मैत्रिणींमुळे मिळालं.

तुम्ही गेला असाल तर लिहा. देश कुठलाही चालेल.

रानजाई
मस्त धागा! कुकर लावलाय, वाचतेय.

सातारी कंदी
भूतानला टायगर्स नेस्ट मठाकडे चढताना आमचा एक मित्र अर्ध्या वाटेवरच्या कॅफेटेरियात थांबला. बीपीची गोळी चालू होती आणि आमच्यातलाच डॉक्टर म्हणाला, पुढे नको. मठ ३१२० मीटरवर आहे, चढ चांगलाच अंगावर येतो. घोडा मिळतो पण तो त्या कॅफेटेरियापर्यंतच, आणि उतरताना घोड्यावर बसू देत नाहीत. त्याचा चेहरा उतरला होता. तेवढ्यात आमचा सगळ्यात उत्साही गडी, ज्याने सहा महिने त्या मठाचे फोटो पाठवून आमचं डोकं खाल्लं होतं, तो म्हणाला मीपण थांबतो. आणि खरंच थांबला. आम्ही वर जाऊन आलो, दर्शन सुंदर झालं, पण मला त्या ट्रिपमधलं पहिलं काय आठवत असेल तर ते हे.

भूतानला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, भारतीयांना माणशी रात्रीला १२०० रुपये शुल्क आहे, हॉटेलच्या खर्चाखेरीज.

रेवतीची आत्या
@सातारी कंदी, डोळ्यात पाणी आणलंत भाऊ. असा मित्र जपून ठेवा.

निळाशार
आम्ही व्हिएतनाम. चौघी, त्यातल्या दोघी कट्टर शाकाहारी. सगळ्यांनी घाबरवलं होतं की तिथे प्रत्येक गोष्टीत माशाचं पाणी असतं. असतंच. पण 'चाय' (chay, म्हणजे शाकाहारी) अशी पाटी असलेली दुकानं शोधायची, तिथे संपूर्ण शाकाहारी जेवण मिळतं. बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, त्या दिवशी तर अशा जागी बसायला मिळत नाही इतकी गर्दी. आपल्या एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीवर असते तशी!

आणि हो, होई आनजवळचं 'मी सन' हे ठिकाण नक्की करा. होई आनला गेलं की लोक कंदील बघून परत येतात. मी सन म्हणजे डोंगरांच्या कुशीत तिथल्या जुन्या चाम राजांनी बांधलेली विटांची शिवमंदिरं. बरीच अमेरिकन बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाली. आपलं पुरातत्त्व खातं तिथे काम करतंय, २०२० मध्ये त्यांना नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. आम्ही एका पडक्या गाभाऱ्यात उभ्या होतो आणि आमच्यातल्या एकीने हळूच महिम्न सुरू केलं. मला येत नाही, पण बाकीच्या दोघींना येत होतं. गाइड मुलगी आमच्यापाशी थांबली, संपेपर्यंत बोलली नाही. नंतर तिने विचारलं, हे तुम्ही रोज म्हणता का?

रानजाई
अंगावर काटा आला गं.

पाटणकर_मो
मेतकूट न्या मेतकूट. गरम भात जगात कुठेही मिळतो. वर मेतकूट आणि तूप. माझी बायको तिच्या भिशीच्या ग्रुपबरोबर बालीला गेली तेव्हा अर्धा किलो नेलं होतं, तिसऱ्या दिवशी संपलं.

रेवतीची आत्या
घरचं की विकतचं?

पाटणकर_मो
घरचं हो. हरभरा डाळ, उडीद डाळ, तांदूळ, थोडे गहू, सगळं वेगवेगळं भाजायचं. मेथ्या अगदी बेताने. सुंठ विसरायची नाही. सविस्तर तिला विचारून सांगतो.

कावेरी_७१
लिहू की नको असं चाललंय सकाळपासून.

आमचा ग्रुप इस्तंबूलहून आल्यावर फुटला. तिघी होतो, वीस-बावीस वर्षांची मैत्री. खोलीतला एसी, उठायच्या वेळा, असं किरकोळ आधीपासून चालूच होतं. हागिया सोफियाच्या (मूळचं चर्च, आता मशीद) दारात एक म्हणाली, २५ युरो देऊन वरचा सज्जा बघण्यात काय अर्थ आहे, त्यापेक्षा बाजारात जाऊ. मी त्या सज्जासाठीच गेले होते, शेकडो वर्षांपूर्वीची सोनेरी मोझेक चित्रं तिथेच आहेत. मी आत गेले, त्या दोघी बाजारात. वर गेल्यावर येशूचं ते चित्र पाहिलं, अर्धंअधिक गळून पडलंय, पण चेहरा शाबूत आहे. इतकं हळवं काही मी आजवर पाहिलं नव्हतं. शेजारी उभं राहून "बघ ना" म्हणायला कुणी नव्हतं.

परत आल्यावर फोन कमी झाले, मग बंदच. भांडण असं झालंच नाही, त्यामुळे मिटवायचं तरी काय?

गवतीचहा
कावेरी, लिहिलंस ते बरं केलंस. आमच्यातही सिएम रीपला (अंगकोरजवळचं शहर) एक संध्याकाळ अशी गेली होती की कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आम्ही पाच होतो म्हणून निभावलं, तिघींत एक एकटी पडतेच.

रेवतीची आत्या
फोन कर गं त्यांना. दिवाळीचं निमित्त पुरेल.

सातारी कंदी
+१. निमित्त नसलं तरी करा.

दुपारचा चहा
कंबोडियाला गेलेल्या कुणी राजधानी नॉम पेन्हचं लिहिलं नाही. आम्ही तुओल स्लेंग पाहिलं. मुळात शाळा. १९७५ ते ७९ ख्मेर रूज या कट्टर साम्यवाद्यांच्या राजवटीत तिचा तुरुंग केला. वर्गांत विटांच्या कोठड्या. कैद्यांनी उडी मारून जीव देऊ नये म्हणून व्हरांड्याला वरपासून खालपर्यंत काटेरी तारा. मुलांच्या व्यायामाचा आडवा खांब होता, त्याला माणसं टांगायचे. आणि भिंतीभर कैद्यांचे फोटो, त्यांत लहान मुलंही.

आमच्यातली एक निवृत्त मुख्याध्यापिका. ती दुसऱ्या वर्गातून बाहेर आली आणि अंगणातल्या बाकावर बसली. आम्ही आळीपाळीने तिच्याजवळ बसलो. संध्याकाळी ठरलेली बोटीची सफर रद्द केली, कुणालाच जावंसं वाटेना. जाणाऱ्यांना सांगते, त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. पण जा. अंगकोर बांधणाऱ्यांच्या वंशजांवर काल-परवा काय गुदरलं ते न बघता परत येणं मला बरोबर वाटत नाही.

निळाशार
खरं आहे.

टपालपेटी
एक व्यवहाराची शंका. खर्च कसा वाटून घेता? आमच्या ग्रुपमध्ये 'तू दे, मी नंतर देते' यावरून कटकटी होतात.

गवतीचहा
सामायिक बटवा! निघतानाच प्रत्येकीने सारखी रक्कम टाकायची, एकीकडे बटवा, दुसरीकडे वही. जेवण, टुकटुक, टिप सगळं त्यातून. स्वतःची खरेदी स्वतःच्या पैशांनी. संपला की पुन्हा सारखी भर.

आणि कंबोडियासाठी डॉलर कोरे करकरीत न्या. किंचित फाटलेली नोट आमच्याकडून कुणी घेईना. सुटे पैसे रिएलमध्ये परत देतात, एका डॉलरला साधारण ४०००, ते जपून ठेवा, रस्त्यावरच्या शहाळ्याला उपयोगी पडतात.

टपालपेटी
बटवा आवडला. हिशोबाची वही मात्र आमच्यात कुणीही घ्यायला तयार होणार नाही :)

रेवतीची आत्या
घोरणाऱ्यांचं काय करता ते पण लिहा कुणीतरी.

पाटणकर_मो
घोरणाऱ्या सगळ्या एका खोलीत. बायकोच्या ग्रुपचा नियम आहे.

शेवंता_ठाणे
आम्ही चौघी नोव्हेंबरमध्ये कंबोडियाला जातोय, धागा अगदी वेळेवर आला. एकीचे गुडघे दुखतात, एक फोटोवेडी आहे. अंगकोरचा तीन दिवसांचा पास ६२ डॉलर आणि एका दिवसाचा ३७, तर तीन दिवसांचाच घेऊ ना? आणि बांते स्रेईचं मंदिर खरंच इतकं लांब जाऊन बघण्यासारखं आहे?

गवतीचहा
तीन दिवसांचाच घे, एका दिवसात दमछाक होते. दिवस सलग नसले तरी चालतात, मध्ये एक दिवस गुडघ्यांना विश्रांती द्या. अंगकोर वाटच्या सगळ्यात वरच्या मजल्याचा जिना फार उभा आहे, ज्यांना नको त्यांनी खाली ओवऱ्या बघाव्या, खरा खजिना तिथेच आहे. वर जायचं तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. ता प्रोमला झाडांची मुळं छपरांवरून उतरलेली आहेत, तिथे डागडुजीचं काम आपल्या पुरातत्त्व खात्याने केलंय, भारताचा झेंडा असलेली पाटी दिसली की बरं वाटतं.

बांते स्रेई अजिबात सोडू नकोस. ९६७ सालचं आहे आणि राजाने नव्हे, यज्ञवराह नावाच्या राजगुरूने बांधलेलं. लहानसं, गुलाबी दगडाचं, चढ-उतार नाही, त्यामुळे गुडघेवालीलाही सोपं. कैलास हलवणारा रावण बघ, वरच्या पायरीवर शंकर आणि त्याला बिलगलेली पार्वती, मधल्या पायऱ्यांवर ऋषी आणि घाबरलेली जनावरं. सगळं मिळून आपल्या दाराच्या चौकटीएवढंच. मंदिर पूर्वाभिमुख आहे, तेव्हा सकाळी लवकर निघा, तुमच्या फोटोवालीला उजेड छान मिळेल. टुकटुकपेक्षा गाडी करा, रस्त्यात धूळ असते.

शेवंता_ठाणे
गाडीच करतो मग. आणि पाटणकर, ते मेतकुटाचं प्रमाण विचारून सांगा हो.