मदत हवी आहे: पालक पिवळा पडतोय, लोह कमी आहे की जिबरेलिकचा (वाढीच्या संप्रेरकाचा) परिणाम?

नमस्कार मंडळी. फलटण तालुक्यात 12 गुंठे पालक आहे, ऑल ग्रीन जातीचा, पेरून 24 दिवस झाले. जमीन चुनखडीची, सामू (पीएच) 8.3, विहिरीचं पाणी जड. ठिबक आहे, पाणी साचत नाही.

18 व्या दिवशी निम्म्या वाफ्यांवर जिबरेलिक ॲसिड 20 पीपीएम (1 ग्रॅम 50 लिटरला) फवारलं. देठ बोटभर लांबले, पण पानं सरसकट पोपटी झाली. न फवारलेल्या वाफ्यांत कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. खालची जुनी पानं गर्द आहेत. म्हणजे नत्राची कमतरता नसावी. तरी युरिया देऊन पाहिला, काही फरक नाही. पेरणीवेळी हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं खत) मातीतून दिलं होतं, ते चुनखडीत अडकलं असणार.

मग न फवारलेल्या एका वाफ्यावर 10 लिटरला 50 ग्रॅम हिराकस, थोडं लिंबूसत्व घालून फवारलं. तिसऱ्या दिवशी जिथे थेंब बसला तिथेच हिरवे ठिपके उमटले! पण काही पानांच्या कडा करपल्या, आणि डाग पडलेली जुडी बाजारात कोणी घेत नाही.

काढणीला जेमतेम 8 दिवस आहेत, त्यामुळे पुन्हा प्रयोग करायला वाव नाही. जिबरेलिकच्या वाफ्यांत हिरव्या शिरा उठून दिसत नाहीत. तिथेही लोहच कमी आहे, की पान झपाट्याने वाढल्यामुळे हरितद्रव्य विरळ झालंय? आणि आता ईडीटीए लोह (चिलेटेड लोह) फवारायचं तर डाग न पडता लिटरला किती ग्रॅम घ्यावं?