मदत हवी आहे: मणक्याच्या दुखापतीनंतर पायांची आग, रात्रभर झोप नाही

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून लिहिते आहे. माझा लहान भाऊ मागच्या उन्हाळ्यात शेळ्यांसाठी कडुलिंबाचा पाला तोडताना झाडावरून पडला. पाठीचा दहावा मणका (डी १०) मोडला, ऑपरेशन झालं, रॉड टाकले. बेंबीखाली हालचाल नाही, स्पर्श नाही. पण ज्या पायांना टाचणी टोचली तरी कळत नाही, त्याच पायांची रात्रभर आग होते. "ताई, पायाले कोणी मिरच्या चोळून राह्यलं वाटते," म्हणतो. मधूनच करंट बसल्यासारखा झटका येतो. बेंबीच्या उंचीवर पोटाभोवती एक पट्टा आहे, तिथं बनियन नुसतं सरकलं तरी कळवळतो. थंडीतही उघडाच झोपला.

गावात कोणाला पटत नाही. "समजतच नाही त दुखते कसं?" असं तोंडावर विचारतात. मावशी म्हणते, पायात जीव परत येऊन राह्यला. ते ऐकून त्याला आशा वाटते आणि मला काय बोलावं सुचत नाही.

गावातले डॉक्टर डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन देतात, काडीचा फरक नाही. ऑपरेशनवाल्या डॉक्टरांनी प्रीगाबालिन ७५ रात्री एक दिली आहे, त्यानं थोडी झोप लागते. पण गोळी तालुक्यालाच मिळते. नाल्याला पूर आला की खंड पडतो, मग आग आणखीच वाढते.

डोस वाढवता येतो का? जीव परत येतोय हे खरं आहे का? काही जण मुंबईला हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत न्या म्हणतात, तेवढा प्रवास त्याला झेपणार नाही. नागपूरकडे कुठे दाखवावं? गरम विटेनं शेकायलाही सांगतात, ते मी करू दिलेलं नाही.

प्रतिसाद:

ताई, मी स्वतः डी १२ वाला, चंद्रपूर जिल्ह्यातला, व्हीलचेअरवर. आधी भावाला सांगा की हे दुखणं खरं आहे. मज्जारज्जूला इजा झाली की तिथल्या आणि मेंदूतल्या पेशी स्वतःहूनच वेदनेचे संदेश देत राहतात. बिघाड पायात नसतोच, म्हणून डायक्लोफेनॅक लागू पडत नाही. नुसती आग होणं ही जीव परत येण्याची खूण नव्हे. हे मावशींसमोरच बोला.

७५ हा लहान डोस आहे. डॉक्टर तो हळूहळू वाढवतात, साधारण दिवसाला १५० ते ६०० मिलिग्रॅमच्या दरम्यान, विभागून. आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासून घ्या, किडनी कमजोर असेल तर डोस कमी ठेवावा लागतो. गोळी एकदम बंद पडू देऊ नका, पावसाळ्याआधी चिठ्ठी दाखवून जास्तीच्या आणून ठेवा. अ‍ॅमिट्रिप्टिलिनही देतात, पण त्यानं लघवी अडू शकते, पोट घट्ट होतं, ते विचारूनच. आग पूर्ण जाईल असं धरू नका. निम्मी झाली आणि झोप लागली तरी खूप मिळवलं.

एकदम भडकली तर आधी लघवी बघा: गढूळ आहे का, वास येतो का, ताप आहे का. मग पोट साफ आहे का, मग ढुंगणावर, टाचेवर जखम आहे का. माझी आग बहुतेक वेळा लघवीच्या इन्फेक्शननंच वाढते. वीट लावू दिली नाही ते फार चांगलं केलंत. कातडी भाजते तरी कळत नाही आणि ती जखम महिनोन् महिने भरत नाही.

नागपूरला मिहानमधल्या एम्समध्ये जा, पीएमआर (पुनर्वसन) विभागाची ओपीडी विचारा. गाडीत त्याला थोड्या थोड्या वेळानं हातांवर अंग उचलायला लावा, म्हणजे बसून बसून जखम होणार नाही.

आणि लघवीसाठी नळी कायम ठेवली आहे की वेळेवर घालता? ते लिहा, त्यावर पुढचं सांगता येईल.